चिंगीच्या गुडघ्याची वाटी अडकायची तेव्हा

चिंगी ही आमची मिनिएचर जातीची घोडी. उंची ३४ इंचांच्या आत, वयाने अजून लहान. सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात आमची जागा आहे, तिथे ती असते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिचा मागचा डावा पाय अडकायला लागला. सकाळी तबेल्यातून बाहेर काढली की पाय मागच्या मागे ताठ राहायचा, खुराचं टोक जमिनीवर घासत यायचं आणि अचानक टक् असा आवाज होऊन पाय सुटायचा. मग दिवसभर काही नाही.

गावात गाई-म्हशी बघणाऱ्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, वाटी अडकतेय. बैलांत, म्हशींत हे नेहमीचं. उभ्या जनावराला तिथल्या तिथे भूल देऊन आतलं लिगामेंट, म्हणजे वाटी बांधून ठेवणारा चिवट पट्टा, कापलं की जनावर लगेच चालू लागतं. सासऱ्यांनी जन्मभर बैल ठेवलेले, त्यांना हे पटलं. माझा मात्र धीर होईना. रेसचे घोडे बघणाऱ्या एका डॉक्टर मॅडमना विचारलं, त्या येऊन गेल्या आणि तिथून सगळं बदललं.

त्यांनी माझा हात धरून घोड्याचा मागचा खरा गुडघा दाखवला. तो असतो वर, कुशीच्या खाली, पोटाला लागून. तिथे वाटी तीन लिगामेंटांनी खालच्या हाडाला बांधलेली असते. घोडा उभ्याने डुलक्या काढतो तो याच्याच जोरावर. आतल्या बाजूचं लिगामेंट मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर कडीसारखं अडकतं आणि पाय फारशी ताकद न लावता ताठ राहतो. पाऊल टाकताना मांडीचा स्नायू वाटी वर उचलून ती कडी काढतो. स्नायूत दम नसेल, किंवा मागचे पाय घडणीनेच फार सरळ असतील, तर कडी निघत नाही. चिंगीचं दोन्ही होतं. चार महिने पावसामुळे ती बांधून होती, मांडी हाताला अगदी मऊ लागायची.

"ताई, घोड्यात कापायचं ते सगळ्यात शेवटी," मॅडम म्हणाल्या. कापल्यावर वाटीच्या खालच्या टोकाचे तुकडे पडू शकतात, सांधा कायमचा दुखरा होऊ शकतो. एक्स-रे मात्र त्यांनी आग्रहाने काढून घेतला. लहान जातींत वाटी बाहेरच्या बाजूला निसटण्याचा वेगळाच दोष जन्मजात असू शकतो, आणि तो व्यायामाने जात नाही. आमच्याकडे तो निघाला नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग सुरू झालं चालणं. सरळ रेषेत, रोज. मोतद्दाराला तिला दोरीवर गोल फिरवायची सवय होती, ती पहिली बंद. छोट्या वर्तुळात या सांध्यावर ताण येतो. थोडी ताकद आल्यावर गडाच्या बाजूचा चढ, आणि जमिनीवर आडवे टाकलेले बांबू ओलांडणं. रविवारी गडावर जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, म्हणून उजाडायच्या आत निघायचो. पाय अडकला तर पुढे ओढायचं नाही, दोन पावलं मागे सरकवायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटायचा.

नालबंद चाचांनी खुराचं टोक आखूड करून गोल केलं, आतली कडाही किंचित घासली, म्हणजे पाऊल लवकर उचललं जातं. खाण्याबद्दल मॅडमनी बजावलं होतं की जाड दिसते म्हणून उपाशी ठेवायचं नाही. एवढ्या लहान घोड्यांना अचानक खाणं तोडलं तर रक्तात चरबी उतरते आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून वाळलेलं गवत पोटभर, भरडा कमी, लसूणघास थोडा.

दिवाळीपर्यंत मला फरक दिसत नव्हता. खरंच रडू यायचं. संक्रांतीच्या सुमारास मांडी हाताला घट्ट लागू लागली, आणि होळीनंतर पाय अडकणं जवळजवळ थांबलं. आता फार गारठा असला तर एखादं पाऊल जड पडतं, इतकंच. पुन्हा त्रास वाढलाच, तर लिगामेंट न कापता त्याला सुईने बारीक छेद देऊन जाड होऊ देण्याचा, म्हणजे ते सहज अडकणार नाही, असा उपाय अजून हातात आहे.

सासऱ्यांना तिचं शिंगरू हवं आहे. पायाची ही घडण पिल्लात उतरू शकते, म्हणून मी स्पष्ट नाही म्हटलंय. यंदा तबेल्याला लागून पत्र्याची लांब पडवी घातली आहे, भर पावसातही तिला मोकळं हिंडता यावं म्हणून.