प्रायमरीत मत कुणाला? आधी राज्याचा नियम बघा

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमऱ्या, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुका, जवळ आल्या की इथल्या आपल्या मराठी मंडळींत एकच प्रश्न फिरू लागतो: ‘मग तुम्ही कुणाला देणार?’ पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. तुमच्या राज्यात, तुमच्या नोंदणीवर, तुमच्या मताचं पुढे होतं काय? प्रायमरीतल्या मतातून डेलिगेट, म्हणजे पक्षाचे प्रतिनिधी, ठरतात आणि ते डेलिगेट पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडतात. मतांचे डेलिगेट कसे होतात हे राज्याराज्यात आणि दोन्ही पक्षांत इतकं वेगळं आहे, की तोच उमेदवार एका राज्यात शहाणपणाची निवड ठरतो आणि शेजारच्या राज्यात मत पाण्यात जातं.

सुरुवात नोंदणीपासून. मत फक्त सिटीझनना आहे. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असलेल्यांनी मतदार नोंदणीही करायची नाही. लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचा चौकोन असतो, तिथे घाईत केलेली खूण पुढे नॅचरलायझेशनच्या, म्हणजे नागरिकत्व घेण्याच्या, वेळी फार महागात पडू शकते. घरात सतरा वर्षांचं सिटीझन मूल असेल तर मात्र राज्याचा नियम नक्की बघा. व्हर्जिनिया, इलिनॉय, मेरीलँडसारख्या राज्यांत नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्यांना प्रायमरीत मत देता येतं.

मग पक्ष. टेक्सस, व्हर्जिनिया, मिशिगन इथे मतदार यादीत पक्ष लिहिलेला नसतो, प्रायमरीच्या वेळी कुठली मतपत्रिका हवी ते सांगायचं. मॅसॅच्युसेट्समध्ये पक्ष न नोंदवलेल्याला दोन्हींपैकी एक मागता येते. न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया, फ्लोरिडा इथे दारं बंद: ज्या पक्षात नोंदणी, त्याच पक्षाचं मत. पक्ष बदलण्याची मुदत हीच इथली खरी अडचण. २०१६ साली न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिलला होती आणि पक्ष बदलायची शेवटची तारीख होती आदल्या वर्षीची ९ ऑक्टोबर. खुद्द ट्रम्प यांच्या दोन मुलांना, इव्हांका आणि एरिक यांना, त्यामुळे वडिलांना मत देता आलं नाही. नंतर कायदा सैल झाला आणि ही तारीख १४ फेब्रुवारीवर आली, तरी एप्रिलच्या प्रायमरीसाठी ती लवकरचीच.

कॅलिफोर्नियातली एक चूक तर दर वेळी होते. ‘आपण कुठल्याच पक्षाचे नाही’ म्हणून लोक अर्जावर ‘अमेरिकन इंडिपेंडंट’वर खूण करतात. तो एक पक्ष आहे, स्वतंत्र मतदार नव्हे! स्वतंत्र राहायचं असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’ निवडावं लागतं. तेवढं करूनही टपालाने येणाऱ्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची स्पर्धा छापलेली नसते. डेमोक्रॅटिक मतपत्रिका वेगळी मागून घ्यावी लागते, आणि रिपब्लिकन हवी असेल तर त्या पक्षात नोंदणीच करावी लागते.

आता मोजणी. डेमोक्रॅटिक पक्षात सगळीकडे एकच पाया आहे: १५ टक्के. त्याच्या खाली राहिलेल्या उमेदवाराला वाटपातून वगळतात आणि उरलेल्यांत प्रमाणानुसार डेलिगेट वाटतात. पण ही चाळणी दोनदा लागते, एकदा पूर्ण राज्याच्या आकड्यावर आणि एकदा तुमच्या मतदारसंघाच्या आकड्यावर. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ४१५ डेलिगेट होते, त्यातले २७१ मतदारसंघांतून आणि १४४ राज्याच्या एकूण मतांवरून. तेव्हाच्या एक उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांना राज्यभर १३ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, म्हणून त्या १४४ मधला एकही नाही. पण ज्या मतदारसंघांत त्यांनी १५ टक्के ओलांडले तिथून ११ डेलिगेट मिळाले. म्हणजे आपला उमेदवार राज्यात १२-१३ टक्क्यांवर असला तरी आपल्या मतदारसंघात तो कुठे आहे हे बघितल्याशिवाय त्याला सोडू नका. विद्यापीठाचं गाव असलेला मतदारसंघ आणि शंभर मैलांवरचा शेतीचा मतदारसंघ यांचे आकडे अगदी वेगळे असतात.

रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम बदलतात. २०२४ मध्ये १५ मार्चच्या आधीच्या राज्यांना प्रमाणानुसार वाटप सक्तीचं होतं, पण कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर सगळे डेलिगेट त्यालाच देण्याची मुभा होती. कॅलिफोर्नियाने तेच केलं. ट्रम्प निम्म्याच्या पुढे गेले आणि १६९ च्या १६९ त्यांना मिळाले. त्यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली यांच्या १७ टक्क्यांच्या आसपासच्या मतांना शून्य. एकाच राज्यात, चार वर्षांच्या अंतराने, १३ टक्क्यांना ११ आणि १७ टक्क्यांना काहीच नाही. तुमचं मत कुणाला, हे ठरवताना हे गणित हाताशी हवं.

आणखी बारकाईने बघायचं तर मतदारसंघात किती डेलिगेट आहेत तेही मोजा. डेमोक्रॅटिक पक्षात दोघांतच लढत असेल आणि डेलिगेट चार असतील, तर ६१-३९ असा दणदणीत निकाल लागला तरी वाटणी दोन-दोन, कारण तिसरा मिळायला ६२.५ टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. पाच असतील तर ५१-४९ लासुद्धा तीन-दोन. अटीतटीची लढत असेल तर विषम संख्येच्या मतदारसंघात थोडीशी मतंही एक डेलिगेट इकडचा तिकडे करतात.

मतदान होतंय म्हणजे डेलिगेट ठरतातच असंही नाही. २०२४ मध्ये नेवाडात रिपब्लिकन मतदारांसाठी ६ फेब्रुवारीला सरकारी प्रायमरी झाली आणि ८ तारखेला पक्षाचा कॉकस, म्हणजे पक्षाने स्वतः भरवलेली मतदारांची सभा. डेलिगेट फक्त कॉकसमधून मिळणार होते. प्रायमरीत हेली यांना ‘यांपैकी कुणीही नाही’ या पर्यायाने हरवलं, पण त्या मतदानातून तसंही कुणालाच डेलिगेट मिळणार नव्हते. २०१६ मध्ये पेनसिल्वेनियाच्या ७१ रिपब्लिकन डेलिगेटपैकी ५४ जण मतदारांनी नावाने थेट निवडले, पण मतपत्रिकेवर त्या नावापुढे तो कुणाच्या बाजूचा हे लिहिलेलंच नव्हतं. ती यादी घरून तयार करून नेली नाही तर तिथे उभं राहून अंदाजच करायचा.

नियम कळले की मग उमेदवार. भाषणं आणि वादविवाद ऐकून मत बनवायला हरकत नाही, पण प्रत्येक आश्वासनापुढे एक प्रश्न लिहा: हे अध्यक्षाच्या सहीने होतं, की खात्याच्या नियमाने, की काँग्रेसच्या कायद्याने? आपल्या लोकांच्या अगदी जवळचं उदाहरण घ्या. एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांपैकी काहींना काम करण्याची परवानगी, म्हणजे एच-४ ईएडी, २०१५ मध्ये खात्याच्या नियमाने मिळाली. असा नियम अध्यक्षाचं प्रशासन वाढवू शकतं किंवा काढायला घेऊ शकतं, म्हणून त्यावर उमेदवार काय म्हणतो याला वजन आहे. याउलट रोजगाराच्या ग्रीन कार्डांची वर्षाला सुमारे १,४०,००० ही संख्या आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा कायद्यातच आहे. ती उठवणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपली वेगळी आवृत्ती मंजूर केली, पण दोन्हींचा मेळ बसला नाही आणि ते तिथेच संपलं. तेव्हा ‘मी पहिल्याच दिवशी बॅकलॉग (ग्रीन कार्डाची रांग) संपवीन’ म्हणणाऱ्याला विचारायचं ते एवढंच, की सिनेटमध्ये त्यासाठी लागणारी ६० मतं कुठून आणणार. हीच चाळणी आरोग्य विमा, कर, बंदुका, सगळ्याला लावा. न्यायाधीशांच्या नेमणुका, आयातशुल्क, परराष्ट्र धोरण आणि नकाराधिकार यांत अध्यक्षाचा हात मोठा असतो. आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन विषय आधी कागदावर लिहून ठेवावेत आणि मगच उमेदवारांकडे बघावं. उलट क्रमाने गेलं की आवडलेल्या माणसाचे विषयच आपल्याला महत्त्वाचे वाटायला लागतात.

‘तो आवडतो, पण निवडून येईल का?’ यावर मत बदलणं मला पटत नाही. अंदाजच कच्चे असतात. २०१६ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या मतचाचण्यांत हिलरी क्लिंटन सुमारे २० टक्क्यांनी पुढे होत्या, प्रत्यक्षात बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. प्रायमरीत कोण मतदानाला येणार हेच चाचणीवाल्यांना नीट ओळखता येत नाही. त्यापेक्षा उमेदवार तुमच्या राज्याच्या तारखेपर्यंत टिकेल का, हे बघणं जास्त कामाचं. त्यासाठी फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर त्याचा ताजा अहवाल उघडा आणि चार आकडे बघा: जमा, खर्च, हातातली शिल्लक, कर्ज. सलग दोन अहवालांत खर्च जमेपेक्षा जास्त आणि शिल्लक घसरत असेल तर माघारीची तयारी धरा.

आणि म्हणूनच टपालाने आलेली मतपत्रिका आली त्याच दिवशी भरून पाठवू नका. २०२० चा सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांतलं प्रायमरीचं मतदान, ३ मार्चला होता. डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी स्टायर २९ फेब्रुवारीला बाहेर पडले, बुटिजेज १ मार्चला, क्लोबशार २ मार्चला. यांची नावं मतपत्रिकेवर छापलेली, आधीच टपालाने यांना दिलेली मतं मोजलेली, पण उमेदवार मैदानात नाही. बहुतेक राज्यांत पाठवलेलं मत परत घेता येत नाही. मिशिगनसारख्या काही ठिकाणी लेखी अर्जाने जुनी मतपत्रिका रद्द करता येते, तीही ठरावीक मुदतीत. मेन राज्यात उमेदवारांना पसंतीक्रम लावता येतो, पहिला बाद झाला तर मत पुढच्या पसंतीला जातं, म्हणून तिथे ही भीती बरीच कमी. बाकीच्यांनी मतपत्रिका घरात ठेवावी, आधीच्या राज्यांचे निकाल बघावेत आणि शेवटच्या आठवड्यात टपालावर भरवसा न ठेवता ती अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये किंवा निवडणूक कार्यालयात स्वतः नेऊन द्यावी. फ्लोरिडात ती मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत पोचलीच पाहिजे, पोस्टाचा शिक्का चालत नाही.

पाकिटाकडेही लक्ष द्या. पेनसिल्वेनियात दोन पाकिटं असतात, आतलं साधं पाकीट विसरलात तर मत मोजत नाहीत. सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघणाऱ्या राज्यांत आपल्याकडच्या लोकांना एक खास अडचण येते: लायसन्सवर मराठीत सही, पाकिटावर इंग्रजीत. जी नोंदणीत आहे तीच करा. त्यानंतर राज्याच्या संकेतस्थळावर मतपत्रिका ‘स्वीकारली’ असं दिसेपर्यंत तपासत राहा. सहीवरून अडली असेल तर अनेक राज्यांत ती दुरुस्त करायला थोडे दिवस मिळतात.