मेहरौलीच्या रानातील बल्बनची कमान

दिल्लीला जाणारे बहुतेक प्रवासी कुतुबमिनार पाहतात आणि तेथूनच परत फिरतात. त्या आवाराला लागूनच दक्षिणेकडे सुमारे २०० एकरांवर पसरलेले मेहरौलीचे पुरातत्त्व उद्यान त्यांच्या यादीत नसते. उद्यान म्हटले की आखीव हिरवळ अपेक्षित असते, परंतु येथे बराचसा भाग विलायती बाभळीच्या रानाचा आहे आणि त्यातून जाणाऱ्या पायवाटांवर वेगवेगळ्या शतकांतील मकबरे, मशिदी व पायविहिरी कोणत्याही क्रमाविना समोर येतात.

या सर्वांत दिसायला सर्वांत दरिद्री वास्तू म्हणजे गुलाम घराण्यातील सुलतान गियासुद्दीन बल्बन याचा मकबरा. घुमट केव्हाच कोसळला आहे, भिंतींवरील गिलावा गेला आहे आणि उरले आहे ते ओबडधोबड दगडांचे, वरून उघडे दालन. तरीही मी सर्वाधिक वेळ येथेच घालवला, कारण १२८७च्या सुमारास बांधलेल्या या मकबऱ्यातील कमान ही भारतात आज उभ्या असलेल्या खऱ्या कमानींपैकी सर्वांत जुनी मानली जाते. ‘खरी’ हे विशेषण समजून घ्यायचे असेल, तर कुतुबच्या आवारातील मशिदीपुढे गुलाम घराण्याचा संस्थापक कुतुबुद्दीन ऐबक याने ११९९च्या सुमारास उभारलेली भव्य कमानींची भिंत आठवावी. तिचा आकार कमानीचा असला तरी रचना कमानीची नाही: स्तंभ आणि तुळई यांच्या परंपरेत वाढलेल्या कारागिरांनी दगडांचे आडवे थर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे पुढे काढत नेऊन ते माथ्यावर जुळवले. बल्बनच्या मकबऱ्यात मात्र पाचरीच्या आकाराचे दगड कमानीच्या मध्याकडे रोखून बसवले आहेत. त्यामुळे वरचे वजन प्रत्येक दगडाला शेजारच्या दगडावर दाबते आणि ते वजनच कमान घट्ट धरून ठेवते. शेजारच्या दालनातील कबर बल्बनचा मुलगा मुहम्मद याची असल्याचे सांगितले जाते. १२८५ मध्ये मंगोलांशी लढताना तो मारला गेला, आणि त्याच लढाईत त्याच्या पदरी असलेला कवी अमीर खुसरो शत्रूच्या हाती सापडला होता.

जमाली-कमालीची मशीद आणि मकबरा यांची कीर्ती मोठी आहे व ती योग्यही आहे. लोदी आणि मुघल अशा दोन्ही दरबारांत वावरलेला सूफी कवी जमाली येथे चिरविश्रांती घेत आहे. त्याच्या शेजारी पुरलेला कमाली कोण, याविषयी तर्क पुष्कळ आहेत, पुरावा नाही. बाहेरून साधी, सपाट छताची ही लहानशी खोली आतून लाल-निळ्या नक्षीने भरलेली आहे. दाराला अनेकदा कुलूप असते, म्हणून रखवालदाराला विनंती करण्याची तयारी ठेवावी.

सर्वांत चमत्कारिक कथा मुहम्मद कुली खान याच्या मकबऱ्याची आहे. अकबराचा दूधभाऊ अधम खान याचा हा भाऊ. १८४०च्या दशकात मुघल दरबारातील कंपनी सरकारचा प्रतिनिधी थॉमस मेटकाफ याने या अष्टकोनी मकबऱ्याभोवती खोल्या काढल्या, त्याचे ‘दिलखुशा’ नावाचे विश्रामगृह केले आणि मेहरौलीतील आपल्या महालात पावसाळ्यात येणाऱ्या बहादूरशहा जफरच्या जवळच स्वतःचा मुक्काम ठेवला. कुणाच्या थडग्याभोवती संसार मांडण्याचा त्याला संकोच वाटला नाही, हे एक. पण खऱ्या अवशेषांनी भरलेल्या या भूमीवर केवळ खिडकीतून दृश्य शोभून दिसावे म्हणून त्याने नव्या छत्र्या, म्हणजे खांबांवरील घुमटाकार मंडप, बांधल्या, हे मला अधिक विलक्षण वाटते. टेकाडावरील अशा एका छत्रीत छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होती. बल्बनकडे कुणी नव्हते.

१५०६ मधील ‘राजों की बावली’ ही चार मजली पायविहीर येथील सर्वांत देखणी वास्तू असून तिच्या कमानदार ओवऱ्यांना सकाळचा वेळ पुरत नाही. मात्र जायचेच असेल, तर कुतुबच्या आवारातील कमानींची भिंत आधी नीट पाहावी आणि दगडांचे आडवे थर डोळ्यांत ताजे असतानाच, त्याच दिवशी, बल्बनच्या मकबऱ्याकडे वळावे.