गडाचा घाट, मोठे टायर आणि मागून हॉर्न मारणारी एसटी

नाशिकहून सप्तशृंगी गड म्हणजे आमच्याकडे प्रवास म्हणतच नाहीत त्याला. दिंडोरी, वणी, नांदुरी, की लागला घाट. सकाळी निघायचं, दर्शन करायचं, जेवायला घरी. पण यावेळी जीपला नवीन टायर टाकले होते आणि आईचं म्हणणं, आधी गडावर नेऊन आण, मग कुठे चिखलात घालायची तिथे घाल.

टायरचं आधी सांगतो. कंपनीचे होते 235/70 आर 16, म्हणजे साधारण 735 मिलिमीटर उंचीचे. मी घातले 265/75 आर 16, जे जातात 804 पर्यंत. नऊ टक्के मोठे. दुकानदार म्हणाला काही फरक पडत नाही साहेब, गाडी कशी वाघ दिसते बघा. दिसत होती खरंच. सोसायटीच्या वॉचमननेसुद्धा फोटो काढला, आता तुम्हीच सांगा माणूस कसा भानावर राहणार.

दिंडोरी रोडला द्राक्षाचा सीझन, क्रेट भरलेले ट्रॅक्टर, त्यामुळे वेग असाही नव्हताच. तरी पाचवा गिअर टाकला की इंजिन धापा टाकायचं, मग चौथ्यावर या. चला म्हटलं, नवीन टायर आहेत, रुळतील. (टायर रुळतात, रेशो रुळत नाही, हे नंतर कळलं. रेशो म्हणजे चाकांच्या एका फेरीला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती फेऱ्या मारतो तो आकडा; चाक मोठं झालं की तो कमी पडतो.)

नांदुरीनंतर घाट सुरू झाला आणि माझी सगळी हौस फिटली. थर्डला गाडी ओढेना, इंजिनला जोर देणारा टर्बो जागाच होत नव्हता, सेकंड टाकला की इंजिन किंचाळायचं, मग मी परत थर्ड, परत सेकंड, असं प्रत्येक वळणाला. बायको म्हणते एकच काहीतरी ठेव ना. आई मागे खणानारळाची पिशवी मांडीवर घेऊन गप्प, फक्त गिअर बदलला की तिचा हात सीटच्या दांडीवर घट्ट व्हायचा ते आरशात दिसत होतं. आणि मागे लागली एसटी. साधी लालपरी, भरगच्च, दारात पोरं उभी. पहिले एक हॉर्न, मग दोन, मग सलग. एका रुंद वळणाला मी बाजूला घेतली आणि ती पुढे गेली हो! खिडकीतल्या एका आजोबांनी माझ्या टायरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

फोर लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर, का नाही टाकला, असं विचारणारे निघतील. अहो, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही माझ्या गाडीला, कोरड्या डांबरावर वळणावळणाच्या रस्त्याला फोर लो टाकला तर पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात, स्टिअरिंग जड होतं आणि सगळा ताण गिअरांवर.

वर पार्किंगला त्याच एसटीचा ड्रायव्हर चहा पीत होता. मला म्हणाला, "टायर मोठे टाकले ना? मग सेकंडलाच ठेवायची, थर्ड कशाला मागत होते सारखे?" एवढंच. मी म्हटलं हो.

दर्शन झालं, गर्दी ठीक होती.

उतरताना मात्र खरी फाटली. चढाचं सगळे बोलतात, उताराचं कोणी सांगत नाही. पूर्वी सेकंडला सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवायचं, आता त्याच सेकंडला गाडी पळायला बघते, म्हणून ब्रेक, आणि चाक मोठं आणि जड म्हणून ब्रेकही जास्त दाबा. नांदुरीला थांबलो तर पुढच्या चाकातून करपलेला वास. आई म्हणाली देवीनेच आणलं खाली.

घरी आल्यावर गाडीचा मूळ रेशो मोजायला पार्किंगमध्ये भाच्याला घेऊन बसलो. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक काढला, गाडी न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारली, चाक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं (एकच चाक उचललेलं, म्हणून दोन फेऱ्या एकीच्या बरोबर) आणि भाच्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या. पावणेचारला थोडी कमी. म्हणजे 3.73, एक्सलमधल्या मोठ्या क्राउन गिअरला 41 दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 11. त्याला नऊ टक्क्यांनी वाढवलं की येतं 4.08, आणि 41 ला 10 चा सेट असतो 4.10 चा. गणित इतकं सुंदर जुळलं की मला वाटलं झालं, हेच करायचं.

मग नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. ते म्हणाले, एकाच एक्सलचा सेट बदलून चालत नाही, पुढचा-मागचा दोन्ही बदला, नाहीतर फोर बाय फोर टाकलं की काहीतरी तुटणार. दोन्ही हौसिंग उघडायची, बेअरिंग नवी, शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बसवायचा, दातांना निळा रंग लावून घासण कुठे पडते ते बघायचं. जरा चुकलं की साठच्या पुढे कुंईईई असा आवाज, आयुष्यभर. आणि पिनियनला दात कमी म्हणजे तो बारीक, ताकद थोडी कमीच. एवढं सांगून हात पुसत विचारलं, "महिन्यात चिखलात किती वेळा जातो?"

मी म्हटलं, वर्षातून तीन-चारदा.

चाचा हसले नाहीत, हीच त्यांची माणुसकी.

तर सेट नाही बदलला. तेहतीस इंचाचे टायर असते तर फरक चौदा टक्क्यांचा झाला असता, मग मी डोळे झाकून क्राउन-पिनियन बदललं असतं, रोज जव्हार-इगतपुरी करणारा असतो तरी बदललं असतं. पण मी नाशिकमध्येच गंगापूर रोड ते अंबड करणारा माणूस. हे झिजले की 245/75 घेणार, फरक पाचच टक्के. आरटीओच्या नियमात तर मुळात कंपनीपेक्षा मोठे टायर बसतच नाहीत म्हणा, त्यावर मी काही बोलण्याच्या लायकीचा नाही.

अजून एक गंमत. ॲव्हरेज पडलं म्हणून महिनाभर रडत होतो, तर मीटरच कमी दाखवतोय! शंभर किलोमीटर चाललं की साडेएक्याण्णव. आणि काट्यावर साठ म्हणजे खरे पासष्ट, हे मोबाईल डॅशबोर्डवर लावल्यावर कळलं. आता हायवेला मनात बेरीज करत चालवतो.

आईला येत्या पौर्णिमेला परत गडावर जायचंय. काल विचारलं, कितीला निघायचं? म्हणाली तू राहू दे, एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे.