एस्टीम, नोंद 9: जाळी झाकल्याचं श्रेय परत घेतोय

मंडळी, आठव्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं की हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून माझ्या जुन्या मारुती एस्टीमच्या पुढच्या जाळीला सनपॅक (पोकळ प्लास्टिकचं) शीट लावलं आणि गाडी लिटरला 13.9 किलोमीटरवर गेली. ते मागे घेतो. आकडा खरा होता (401 किलोमीटर, 28.8 लिटर, नेहमीचाच पंप, नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झाल्यावर थांबून), पण त्याचं मी सांगितलेलं कारण साफ चुकलं होतं.

संशय तेव्हाच यायला हवा होता. माझा रोजचा रस्ता म्हणजे पाचपाखाडी, कळवा पूल, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने तुर्भे. निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वीस-पंचवीसच्या वेगाला हवा कसला डोंबलाचा विरोध करणार? तरी जाळी झाकल्यावर अकरा टक्के फायदा दिसला आणि मी तो निमूटपणे खिशात घातला. मार्चमध्ये उकडायला लागलं म्हणून शीट काढलं, तर पुढची टाकी 388 किलोमीटर, 31.1 लिटर. 12.48. जिथून निघालो तिथेच परत.

आधी सगळं खापर ई-20 वर (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) फोडून मोकळा झालो होतो. पण हिशोब बसेना. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ई-10 वरून ई-20 वर आल्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास फटका. बाबा ही गाडी चालवायचे तेव्हाचे त्यांच्या डायरीतले आकडे 14.5 ते 15 आहेत. उरलेलं पेट्रोल जातंय कुठे?

उत्तर पाम बीच रोडवर मिळालं. रविवारी पहाटे वाशीहून बेलापूरकडे स्थिर 60 वर धरून व्हॅक्यूम गेज (इंजिनवर किती भार आहे ते दाखवणारा काटा) बघत होतो. गेज छान होता. नजर सहज टेम्परेचरच्या काट्यावर गेली, तर तो हळूहळू खाली सरकत होता. सिग्नलला थांबलो, वर आला. निघालो, परत खाली. चार वर्षं मी लोकांना अभिमानाने सांगत होतो की आमची एस्टीम थंड डोक्याची आहे, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा तापत नाही. अहो, तापायला हवी होती.

घरी येऊन गाडी पूर्ण गार होऊ दिली आणि इन्फ्रारेड गन घेऊन बसलो. (चकचकीत धातूवर ही गन खोटं बोलते, काळी टेप लावून मग मोजा.) थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) धड असेल तर रेडिएटरचा वरचा होज बराच वेळ कोमट राहतो आणि मग एकदम तापतो. माझा होज पहिल्या मिनिटापासून इंजिनच्या बरोबरीने संथपणे चढत होता. थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं, आत काहीच नाही. थर्मोस्टॅट अडकलेला नव्हता, नव्हताच.

रेडिएटर बदलला तेव्हाच्या मिस्त्रीकाकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आपल्याकडे थंडी आहे कुठे? तो बर्फाच्या देशातल्या गाड्यांना लागतो. मी सगळ्यांचा काढतो." यावर काय बोलणार! इंजिन गार राहिलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून वॉर्मअपमध्येच आहे, आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. वर गार ऑइल घट्ट, त्याचं घर्षण वेगळं. सनपॅकने हवा कापली नव्हती, इंजिनला शाल पांघरली होती.

इथपर्यंत आनंदीआनंद. मग हाउसिंगचा एक बोल्ट तुटला. इतकी वर्षं नळाचं पाणी भरलेलं, ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट गंजून बसलेला. मी डब्ल्यूडी-40 मारून दहा मिनिटांत पाना लावला, ही माझी घाई; रात्रभर भिजू द्यायला हवा होता. हाउसिंग पिशवीत घालून वागळे इस्टेटला एका लेथवाल्याकडे नेलं. त्याने डाव्या आट्याच्या ड्रिलने बोल्ट असा अलगद बाहेर काढला की मी टाळीच वाजवली. ठोकून काढायला निघालेल्या माणसांनी एकदा ते बघावं.

दुसरा मनस्ताप पार्टचा. स्टेशनजवळच्या दुकानात "कंपनीचाच आहे" म्हणून मिळालेला थर्मोस्टॅट बसवण्याआधी चहाच्या जुन्या पातेल्यात झडपेत दोरा चिमटून लटकवला (झडप उघडली की दोरा सुटतो), शेजारी किचन थर्मामीटर. आईने विचारलं, "आता गाडीलाही चहा पाजणार का तू?" पठ्ठ्या 69 अंशांवरच उघडला. त्यावर छापलंय 82! दुकानदाराने परत घेतला नाही. दुसरा मारुतीच्या अधिकृत काउंटरवरून मागवला, चार दिवस थांबलो. तो पातेल्यात 82 ला बुडबुड्यांमध्ये जरासा हलला, दोरा सुटला आणि तो टण्णकन तळाला गेला. इतका गोड आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. बसवताना जिगल व्हॉल्व्ह (हवा निघून जाण्याची छोटी पिन) वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर हवा अडकते. पाणी फ्लश करून तयार कूलंट भरलं. स्वस्तातला हिरवा नको, चांगला घ्या.

पहिली टाकी: 412 किलोमीटर, 28.2 लिटर. 14.61!

एक कबुली. जॅकवर होतीच म्हणून मागच्या ड्रमचे ब्रेकही सैल केले. आधी चाक हाताने अर्धा फेरा जेमतेम फिरायचं, आता अडीच. दोन बदल एकदम केले, त्यामुळे कुणाचा वाटा किती हे सांगता येणार नाही. हेच मी इतरांना करू नका म्हणून सांगत असतो.

पुढे मागच्या चाकांच्या कमानी झाकायच्या होत्या, शीट कापूनही ठेवलंय. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, आधी जाळीचा निकाल लावू. आता इंजिन स्वतःच तापतंय, तर शीट परत लावून जो फरक पडेल तो खरा हवेचा असेल. दोन टाक्या शीटसह, दोन विना, परत दोन शीटसह. मात्र मे महिन्यात अख्खी जाळी झाकायची हिंमत नाही, फक्त खालची पट्टी. बोल्ट-बिल्ट काही नाही, झिप टाय. एमएच-04 ची जुनी गाडी, री-पासिंगला (आरटीओच्या फेरतपासणीला) जाताना दोन मिनिटांत उतरली पाहिजे.

कुणी एस्टीमवर मोजलंय का, एसी बंद असताना रेडिएटरचा पंखा नेमका किती अंशांवर सुरू होतो? माझा काल कळवा नाक्याला पहिल्यांदाच फिरला आणि मी दचकलो.