न्यूझीलंडच्या गावाकडच्या रस्त्यावर बाईक चालवताना आडवं काय काय येतं

इकडे फिरायला येणारे मित्र बाईक भाड्याने घ्यायची म्हटलं की पहिलं हेच विचारतात, जंगली जनावरांची भीती नाही का रे? तर भीती वाटावी असं इथे काही नाही. बिबट्या नाही, साप तर देशातच नाहीत, माणसाची शिकार करणारं जनावर काहीच नाही. तरीपण दिवेलागणीला गावाकडच्या रस्त्यावर असलो की मी १०० चा लिमिट असला तरी ६०-७० च्या वर जात नाही, कारण कुठल्या वळणावर काय उभं असेल सांगता येत नाही.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, जे काही उभं असतं त्यातलं जवळपास काहीच इथलं नसतं. माणूस इथे यायच्या आधी या देशात जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. बाकी सगळी पक्ष्यांची दुनिया. म्हणजे हेडलाईटमध्ये चार पाय आणि केसाळ अंग दिसलं की समजायचं, याला कधीतरी कुणीतरी बोटीतून आणलंय.

सगळ्यात जास्त दिसतो पोसम. मांजराएवढा, गुलाबी नाक, मोठे कान, झुपकेदार शेपटी, आणि मादी असेल तर कधी कधी पाठीला घट्ट चिकटलेलं पिल्लू. लाईट डोळ्यावर पडला की पळत नाही, तिथेच थिजून बघत राहतो. एकोणिसाव्या शतकात फरच्या धंद्यासाठी तो ऑस्ट्रेलियातून आणला, आणि तिकडे ज्याला कायद्याचं संरक्षण आहे तोच इकडे रातोरात झाडांचे शेंडे खातो, पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातो, गुरांना टीबी देतो. इकडचे शेतकरी स्पष्ट सांगतात की पोसमसाठी हँडल वळवू नकोस, सरळ जा. आपल्याला हे ऐकायला जड जातं. पण भर वेगात ओल्या रस्त्यावर हँडल झटकलं तर आपणच चरात जाणार, त्यामुळे आधीच हळू चालवणं हाच मला पटलेला उपाय.

सकाळी त्याच रस्त्यावर मेलेले पोसम पडलेले असतात आणि त्यावर काहू, म्हणजे इथला घारीसारखा शिकारी पक्षी, बसलेला असतो. हा मात्र इथलाच. बाईक अगदी जवळ येईपर्यंत तो खाणं सोडत नाही आणि मग जड पंखांनी थेट हेल्मेटच्या उंचीवर उडतो, म्हणून रस्त्यावर काही पडलेलं दिसलं की लांबूनच हॉर्न द्यायचा.

शेळ्या बघायच्या असतील तर स्टेट हायवे ४३. उत्तर बेटावरच्या तारानाकी भागातल्या स्ट्रॅटफर्डपासून तौमारुनुईपर्यंत साधारण १५० किमी, नुसते घाट आणि वळणं. रानात सुटलेल्या शेळ्यांचे कळप दरडीवरून सरळ रस्त्यात उतरतात. इथे एक नियम पाठ करा, एक शेळी गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही, मागून करडं येणारच, त्यामुळे ती सगळी जाईपर्यंत थांबायचं, आणि खडी असेल तर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गिअर उतरवत थांबायचं. वाटेत फांगामोमोना लागतं, १९८९ मध्ये प्रादेशिक हद्दी बदलल्या म्हणून चिडून स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलेलं छोटंसं गाव. त्यांनी १९९९ मध्ये बिली गमबूट नावाचा बोकड राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडला होता! या भागात शेळ्या किती घरच्या आहेत ते यावरून कळावं.

आपली मंडळी पण आहेत बरं का. नॉर्थलंडकडे शेताच्या कडेने रानटी मोर फिरतात, पहिल्यांदा केकारव ऐकला तेव्हा मी बाईक बंद करून ऐकतच राहिलो. आणि साळुंक्या तर उत्तर बेटावर जागोजागी, गाड्यांना धडकून पडलेले किडे टिपत भर रस्त्यात चालतात आणि चाक जवळ आलं की शेवटच्या क्षणी बाजूला होतात, अगदी पुण्यात व्हायच्या तशाच. घरची आठवण येते खरी, पण त्याही इथल्या पक्ष्यांची घरटी उधळतात हे माहीत झाल्यावर नुसता आनंद होत नाही.

इथल्या पक्ष्यांना जो सगळ्यात घातक आहे तो दिसतो अर्धाच सेकंद. स्टोट. मुंगसासारखा सडपातळ, तपकिरी, शेपटीचं टोक काळं, रस्ता ओलांडून गवतात गायब. ससे फार झाले म्हणून १८८० च्या दशकात सरकारनेच आणून सोडला, तेव्हाच्या पक्षीतज्ज्ञांनी विरोध केला होता, कुणी ऐकलं नाही. जिथे सापळे लावलेले नाहीत तिथे किवी पक्ष्याच्या १०० पिल्लांतली जेमतेम ५ मोठी होतात, आणि मारणाऱ्यात पहिलं नाव स्टोटचं. इतकी वर्षं इथे राहून रानातला किवी मला अजून एकदाही दिसलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं, आणि तरीही त्या जनावराचा राग करवत नाही, ते काय स्वतः तिकीट काढून आलं नव्हतं.

२०१६ मध्ये सरकारने जाहीर केलंय की २०५० पर्यंत उंदीर, स्टोट आणि पोसम देशातून पूर्ण संपवायचे. रस्त्याच्या कडेला झाडीत लांबट लाकडी पेट्या दिसतात, आत जाळी, सापळा आणि आमिषाला कोंबडीचं अंडं. बऱ्याच ठिकाणी गावातले लोकच आपला रविवार घालून त्या तपासतात. बाईक थांबवून फोटो काढलात तर चालेल, पण पेटीत हात घालू नका, बोट तुटेल इतकी जोरदार स्प्रिंग असते.