झाड बंद पडलं त्या शनिवारी

माझं काम ऐकायला भारी वाटतं पण आहे वायरमनचंच. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी-शेजारी सरळ रेषेत पळवायच्या. तिच्या ट्रॅकवर टायमिंगचं जे सामान असतं ना, म्हणजे स्टार्टला दिव्यांचा खांब, जमिनीलगत गाडी गेलेली टिपणारे फोटोसेल, टॉवरमधला कॉम्प्युटर आणि शेवटाला आकडे दाखवणारे बोर्ड, ते बसवायचं आणि बिघडलं की जाऊन नीट करायचं. राहतो शिकागोजवळ, मूळचा कराडकडचा. वर्षातले निम्मे शनिवार गाडीतच जातात, बायकोने आता विचारायचं पण सोडलंय.

ही गोष्ट 2019 च्या ऑगस्टमधली. इलिनॉयमध्ये मक्याच्या रानात एक छोटा ट्रॅक आहे, नाव नको. एक अष्टमांश मैलाचा, म्हणजे 660 फूट, आपले 201 मीटर. दोन लेन, लाकडी बाकडी, हॉटडॉगची टपरी, आणि तो चालवणारं सत्तरीचं नवरा-बायकोचं जोडपं. शुक्रवारी रात्री वीज पडली, जमिनीखालच्या केबलमधून करंट थेट टॉवरात. सकाळी सहाला म्हातारीचा फोन, झाड पेटत नाहीये. झाड म्हणजे तो दिव्यांचा खांब, त्याला ख्रिसमस ट्रीच म्हणतात, वरून खाली पिवळे, मग हिरवा आणि सगळ्यात खाली लाल, घाई केली की तो लागतो.

साडेनवाला पोचलो, पेटी उघडली, वास आला तेव्हाच कळलं. बोर्ड काळाठिक्कर. म्हणलं हरकत नाय, स्पेअर आहे गाडीत. स्पेअर काढला, लेबल बरोबर पण आतला बोर्ड जुन्या मॉडेलचा, कनेक्टरच बसेना. गोडाऊनमधून उचलताना खोका उघडून बघायला पाहिजे होता, नाही बघितला, चूक शंभर टक्के माझी. योग्य बोर्ड मिळणार सोमवारी. आणि बाहेर साठेक गाड्या ट्रेलरवरून उतरून उभ्या.

आता इथं जरा सांगायला पाहिजे की कॉम्प्युटर नसला तर एवढं अडतं का. छोट्या ट्रॅकवर जी रेस चालते तिला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. तुमची गाडी किती सेकंदात पोचणार ते तुम्ही आधीच काचेवर लिहायचं. समजा माझी 8.60 आणि तुमची 7.10, तर मला दीड सेकंद आधी सोडणार. पण लिहिलंय त्यापेक्षा फास्ट गेलात की बाद. आयडिया एक नंबर आहे, कारण त्यामुळे खटारावाला पण लाखाच्या गाडीला हरवू शकतो, गरिबाला रेसिंग परवडतं ते या एका नियमामुळे, त्याला मी कधी नावं ठेवणार नाही. पण मग होतं काय, शेवटच्या पन्नास-साठ फुटात पुढचा माणूस चक्क ब्रेक मारतो! बाद होऊ नये म्हणून. बाकड्यावरच्या नवख्या माणसाला कळतच नाही की जिंकणारा थांबला का. आणि हे सगळं हजारांश सेकंदावर चालतं, ते मोजणार आमचं मशीन. मशीन गेलं की खेळच गेला.

मी म्हाताऱ्याला तोंड पाडून सांगितलं. वाटलं आता पैसे परत, शिव्या मला. म्हातारा शांत. म्हणला, "पोरा, हे झाड आलं 1963 मध्ये. त्याच्या आधी काय लोक घरी बसायचे?"

मग कळलं की हा बाबा सोळा-सतराचा असताना इथूनच जवळच्या विमानाच्या जुन्या धावपट्टीवर झेंडा मारायचा. हे सगळं खरं तर धावपट्ट्यांवरच वाढलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर पोरं परत आली, हातात मेकॅनिकी, जुन्या फोर्ड स्वस्त. कॅलिफोर्नियात सांता ॲनाच्या विमानतळावर 1950 पासून रीतसर रेस सुरू झाल्या, पुढच्याच वर्षी वॉली पार्क्सने एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संघटना काढली, रस्त्यावरच्या रेस ट्रॅकवर आणायला. सुरुवात करून द्यायची तर एक माणूस आणि एक फडकं, बास.

म्हाताऱ्याने झाडूचा दांडा घेतला, त्याला हिरवा टी-शर्ट बांधला. म्हातारी ओरडत होती की चौऱ्याहत्तरचा आहेस, दोन गाड्यांच्या मधे उभा राहणार आहेस का. तो उभा राहिला. मी मात्र हसलो, कारण मला एकदम आमच्याकडची बैलगाडा शर्यत आठवली. आमच्या भागात शेजारी-शेजारी छकडे लावून पळवतात, गट, मग सेमी, मग फायनल, आणि सुटायच्या जागी झेंडा पंच. त्या माणसाचा रुबाब बघायचा, आमदार बाजूला. 2014 ला बंदी आली, ती 2021 च्या डिसेंबरात उठली, म्हणजे मी हे बघत होतो तेव्हा गावाकडं शर्यत बंदच होती. इकडं मात्र इलिनॉयच्या रानात झेंडा पंच उभा, फक्त बैलाच्या जागी शेवरोले.

सगळे खूश झाले असं नाही. पॉइंट्सवाले, म्हणजे सीझनभर पॉइंट जमवणारे, वीस-पंचवीस जण गाड्या ट्रेलरवर चढवून निघून गेले, एकाने जाताना मला जे सुनावलं ते इथं लिहित नाही, त्याचं पण बरोबर होतं, त्याचा सीझन माझ्या खोक्यात अडकला होता. राहिले चाळीसेक. जोड्या लावायला कॉम्प्युटर नाही, तर लोकांनीच लावल्या. बॉनेट उघडून एकमेकांची इंजिनं बघायची, "तुझी साडेआठची ना, माझी पण, चल." ज्याची गाडी अगदीच कमी ताकदीची त्याला दोन गाड्यांची लीड, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीएवढं पुढं उभं करायचं. ती लीड ठरवताना जी घासाघीस चालली ती बघून मला आमचा बैलबाजार आठवला. एका बाईची सिक्स सिलिंडरची प्लिमथ डस्टर होती, तिने तीन गाड्यांची लीड मागितली, दीडवर ठरलं, आणि जिंकली की ती!

आणि शेवटाला पंच कोण? मी. म्हातारा म्हणला, तूच मोडलंस, तूच बघ. काँक्रिटच्या भिंतीमागं वॉकीटॉकी घेऊन उभा राहिलो, डावी की उजवी एवढंच सांगायचं. इतकी वर्षं या धंद्यात, पण 660 फुटावर उभं राहून रेस मी कधी बघितलीच नव्हती, मी कायम टॉवरमधे, नजर स्क्रीनवर. तिथून आधी नुसता झेंडा वर गेलेला दिसतो. आवाज मागून येतो, अर्ध्या सेकंदाने, हे फिजिक्समधे शिकलेलं पण अंगावर कधी घेतलं नव्हतं. मग गाड्यांची तोंडं मोठी होत येतात आणि भिंत थरथरते. जळक्या रबराचा वास घशात जाऊन बसतो. आणि कोणीच ब्रेक मारत नव्हतं. एकही जण नाही. रेषेच्या पुढं जाईपर्यंत पाय खालीच, कारण बाद व्हायला आकडाच नव्हता कुठं.

म्हाताऱ्याने पहिल्या रेसला झेंडा वर करताना जुन्या सवयीने उडी मारायचा प्रयत्न केला, टाचा उचलल्या तेवढंच. पण एक गोष्ट झाडाला जमत नाही. तो आधी एका ड्रायव्हरकडं बोट दाखवायचा, त्याने मान हलवली की दुसऱ्याकडं, मग झेंडा जमिनीला टेकवून असा थांबायचा की अख्ख्या बाकड्यांवर कोण खोकायचं नाही. कधी एक सेकंद, कधी तीन. झाडाचे पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, ड्रायव्हर लोकांना ते पाठ असतं. ह्याचं पाठ करता येत नव्हतं. आधी निघाला की परत बोलवायचा, दुसऱ्यांदा निघाला की घरी.

दुपारी माझी फजिती झाली. 69 ची नोव्हा आणि एक फोर्ड पिकअप, दोघं एकत्रच आले. ताशी 80 मैलाला एका हजारांश सेकंदात गाडी दीड इंचसुद्धा सरकत नाही, तेवढं आमचं मशीन पकडतं, माझे डोळे कुठले पकडणार. वॉकीवर म्हणलं, "माहीत नाही." टॉवरमधून पाच सेकंद कायच नाही. मग माइकवर म्हातारीने जसंच्या तसं सांगितलं, "पंचांना माहीत नाही!" बाकडी हसून हसून पडली. दोघांनी परत पळवल्या, परत तसंच. तिसऱ्यांदा नोव्हाचा क्लच गेला म्हणून सुटलो मी.

संध्याकाळी एक हायस्कूलचा पोरगा आला, आईची ब्यूक घेऊन आलेला, आयुष्यातली पहिली रेस आणि पहिलाच विजय. त्याला टाइम स्लिप पाहिजे होती, ते एटीएमच्या पावतीसारखं चिटोरं येतं ना त्यावर सगळे आकडे असतात, ते लोक जपून ठेवतात. म्हणलं बाबा आकडाच नाहीये आज. तो हलेना. शेवटी माझ्या सर्व्हिस रिपोर्टचा एक कागद फाडला आणि त्यावर पेनाने लिहिलं, डावी लेन, पहिला, आणि खाली सही केली. तर मागं लाइन लागली की! अकरा जणांना लिहून दिलं, त्यात डस्टरवाली बाई पण.

सोमवारी बोर्ड बसवला, झाड पेटलं. ऑफिसात रिपोर्ट भरला, सिस्टीम बंद: पूर्ण दिवस, कारण: चुकीचा स्पेअर, ग्राहकाची तक्रार: नाही. साहेबाचा लगेच फोन, की दिवसभर बंद आणि तक्रार नाही, असं कसं, आणि पॅडमधले कागद कुठं गेले.