ग्रामसभेत बोलायला उभी राहिले तेव्हा

जत्रेच्या नाटकांत कामं करून माझा आवाज तयार झालेला. गोव्यातल्या माशेलच्या बाजूच्या आमच्या गावात मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायची सवय होती. त्यामुळे पंचायतीची रिकामी खोली संध्याकाळी मुलांना अभ्यासिका म्हणून मिळावी, हा विषय ग्रामसभेत मांडायला सगळ्यांनी माझंच नाव पुढे केलं. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे वर्षाला चार सामान्य ग्रामसभा. एक हुकली की तीन महिने थांबा.

तयारीला नाटकाच्या मास्तरांकडे गेले. भाषण ऐकून ते म्हणाले, "बाय, ही तर सैन्याला चढाईची हाक झाली. तुला शेजाऱ्यांकडे खोली मागायची आहे."

मग आवाज उतरवायला सुरुवात केली, आणि हे काम चढवण्यापेक्षा अवघड निघालं. ताण आला की गळ्याचे स्नायू आवळतात, स्वरतंतू ताणले जातात, पट्टी वर सरकते. उपाय जुनाच: उताणं पडून पोटावर जाडसं पुस्तक ठेवायचं, ते वरखाली होईल असा श्वास घ्यायचा आणि सोडताना ओठ मिटून हुंकार द्यायचा.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो म्हणून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो पातळच लागतो. त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. ऐकण्यासारखं दुसरंच होतं. मराठीत क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी, आणि माझा श्वास नेमका तिथे संपत होता. 'खोली संध्याकाळी मुलांसाठी उघडी' खणखणीत, 'ठेवावी' गडप! म्हणजे मागणीच गायब. मास्तरांनी लांब वाक्यं मोडायला लावली. "खोली रिकामी आहे. मुलांना जागा नाही. संध्याकाळी ती उघडा." मध्ये मनातल्या मनात दोन मात्रा थांबायचं. भजनाला बसणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

माइकचं एक सांगते. प, फ, ब, भ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि स्पीकर फटफटतो. माझ्या भाषणात पंचायत, पुस्तकं, पालक, परीक्षा सगळेच! माइक हनुवटीपाशी, तोंडाच्या जरा बाजूला धरल्यावर ते थांबलं.

देहबोलीबद्दल 'शब्द ७ टक्के, आवाज ३८, चेहरा-हावभाव ५५' हे गणित मला कितीतरी जणांनी ऐकवलं. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलं. प्रयोग सुटे शब्द आणि त्यामागची आवड-नावड ओळखण्यापुरते होते. भाषणाला ते लावणं चूक. वीजबिल कोण भरणार याचं उत्तर हावभावांनी देता येत नाही. ते मी कागदावर मांडून नेलं.

पण कुठे उभं राहायचं, हा प्रश्न खराच होता. आमच्याकडे बोलणारा सरपंचांकडे तोंड करून उभा राहतो, लोकांना दिसते ती पाठ. माना डोलवणार ते तर मागच्या खुर्च्यांवर बसलेले! मी तिरकी उभी राहिले, पाय जरा फाकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. ओढणीशी चाळा होऊ नये म्हणून ती आधीच पिन केली. नजर एकाच माणसावर, वाक्य पुरं होईपर्यंत, मग दुसऱ्यावर.

कडाडून विरोध होणार होता तो एका वयस्कर भाटकारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा. ते मध्येच उठले, "किल्ली कोणाकडे? रात्री पोरं धुडगूस घालतील ते?" नाटकातली मी असते तर बोट रोखून उत्तर दिलं असतं. इथे माइक खाली घेतला, त्यांचं पुरं होऊ दिलं, आणि हात उघडा ठेवून, आवाज आणखी खाली आणून म्हटलं, "काका, किल्ली पालकांनी पाळीपाळीने सांभाळायची. पहिल्या महिन्याची यादी ही." कागद त्यांच्या हातातच नेऊन दिला. सभागृहात पंखे घरघरत होते, तरी मागचे लोक ऐकायला पुढे वाकले.

ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिलं, पण अट घालून: आधी परीक्षेच्या महिन्यांपुरतीच खोली उघडायची, मग बघू. मी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि सचिवांनी ते तसंच लिहून घेतलं.